मेंढ्या नसलेल्या घरी मेंढपाळ कुत्रा?



कुत्रा पाळावा असे ज्याला एकदाही वाटले नाही, असा मुलगा किंवा अशी मुलगी वर्गात शोधून सापडायची नाही. पूर्वी हा हट्ट कोणत्याही पिलावर भागत असे. आळीतली कुत्री व्याली की त्यातले एक गुबगुबीत पिलू सदऱ्याखाली लपवून घरी आणायचे, आई 'परत नेऊन ठेव' म्हणाली की दोन दिवस रडायचे, आणि तिसऱ्या दिवशी तेच पिलू आईच्या हातची भाकरी खाऊ लागायचे. आता मात्र या हट्टाला जातीचे नाव चिकटले आहे. नुसता कुत्रा नको. अल्सेशियन हवा, नाहीतर बॉर्डर कॉली हवा! मोबाईलवरच्या चित्रफितींत हा काळा-पांढरा कुत्रा शंभर मेंढ्यांचा कळप एकटा वळवतो, मालकाच्या शिट्टीसरशी जागच्या जागी बसतो, हवेतली तबकडी उडी मारून झेलतो. ते पाहून कोणाचे मन हरखून जाणार नाही?

तेव्हा आज एका साध्या प्रश्नाचा विचार करू. समजा, तुम्ही वाईला राहता. गणपती आळीतला जुना वाडा म्हणा किंवा नव्या वसाहतीतला दोन खोल्यांचा फ्लॅट म्हणा. अशा घरी बॉर्डर कॉलीसारखा मेंढपाळ जातीचा कुत्रा आणावा की आणू नये? माझे मत मी आधीच सांगून टाकतो: बहुतेक घरांनी आणू नये. पण माझे मत म्हणून ते मान्य करू नका. कारणे तपासा, आणि शेवटी एक प्रयोग सांगणार आहे, तो स्वतः करून पहा. त्या प्रयोगातून तुमचे उत्तर 'हो' असे आले, तर मला आनंदच वाटेल.

वळणारा आणि राखणारा

आपल्या भाषेत जनावरे सांभाळण्याला दोन वेगवेगळी क्रियापदे आहेत. गुरे 'वळणे' आणि गुरे 'राखणे'. वळणे म्हणजे कळपाला हवी ती दिशा देणे, फुटलेले जनावर परत आत आणणे. राखणे म्हणजे चोराचिलटापासून आणि हिंस्र श्वापदापासून रक्षण करणे. मेंढ्यांबरोबर राहणाऱ्या कुत्र्यांचेही असेच दोन प्रकार आहेत, आणि त्यांचे स्वभाव एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

राखणारा कुत्रा पाहायला तुम्हाला लांब जायला नको. सातारा जिल्ह्याचे माण, खटाव आणि सांगली जिल्ह्याचे आटपाडी, जत हे कमी पावसाचे तालुके. तिथले धनगर पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन चाऱ्यासाठी पश्चिमेकडे निघतात. काही जण घाट उतरून थेट कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. चार-सहा बिऱ्हाडे मिळून एकत्र फिरतात. त्या समूहालाही ते 'वाडा' म्हणतात. म्हणजे वाईकरांचा वाडा दगडमातीचा आणि जागचा न हलणारा, तर धनगरांचा वाडा घोड्यांच्या पाठीवरून चालणारा! पीक निघालेल्या रानात ते मेंढ्या बसवतात. लेंडीखत मिळते म्हणून शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. अशा वाड्याबरोबर दोन-चार कुत्री हमखास असतात.

ही कुत्री दिवसा काय करतात ते नीट पहा. कळपाच्या मागेपुढे रमतगमत चालतात, सावली मिळाली की आडवी होतात. मेंढ्या वळवण्याचे काम धनगर स्वतःच करतो. तोंडाने हाळी देतो, शिट्टी घालतो, काठी आडवी धरतो. कुत्र्यांची खरी पाळी रात्री सुरू होते. लांडग्याची चाहूल लागताच ती उठतात, भुंकतात आणि अंगावर जातात. धनगरांचे दैवत असलेल्या खंडोबाच्या सोबतीला कुत्रा आहे, हे तुम्ही जेजुरीच्या चित्रांत पाहिले असेल. रात्रभर जागणाऱ्या या राखणदाराची किंमत धनगराला किती वाटत आली आहे, हे त्यावरून कळते.

आता बॉर्डर कॉलीकडे वळू. याचा जन्म इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातला. म्हणून नावात 'बॉर्डर'. तिथे मेंढ्या डोंगरउतारावर मोकळ्या सोडून दिलेल्या असतात आणि माणसे थोडी. ब्रिटनमधला लांडगा तर काही शतकांपूर्वीच नामशेष झाला. तेव्हा राखण्याची गरज उरली नाही. गरज उरली ती डोंगरभर पांगलेल्या मेंढ्या गोळा करून आणण्याची, म्हणजे वळण्याची. एक माणूस आणि दोन कुत्री एवढ्यावर शेकडो मेंढ्यांचे काम भागू लागले. १८७३ साली वेल्समधील बाला या गावी अशा कुत्र्यांच्या कामाची स्पर्धा भरली. १८९३ साली ॲडम टेल्फर या शेतकऱ्याकडे 'हेम्प' नावाचा कुत्रा जन्मला. न भुंकता, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवण्यात तो इतका तरबेज निघाला, की आजच्या बॉर्डर कॉली जातीचा तो मूळ पुरुष मानला जातो. १९०६ साली या कुत्र्यांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. पिलांची निवड रंगरूपावरून होत नव्हती. काम कोण चांगले करतो, एवढेच पाहिले जाई. चांगले काम करणाऱ्यांचीच पुढची पिढी घ्यायची, असे पिढ्यान् पिढ्या चालले.

म्हणजे पहा, माण तालुक्यात लांडगा होता आणि माणूस रात्रंदिवस कळपाबरोबर होता, म्हणून इथे राखणारा कुत्रा घडला. तिकडे लांडगा नव्हता आणि माणूसही कमी होता, म्हणून वळणारा कुत्रा घडला. ज्या मुलखाची जशी गरज, तसा तिथला कुत्रा.

लांडग्याची अर्धी शिकार

वळणे ही कला आली कुठून? कुत्रा हा लांडग्याचा वंशज. निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी तो माणसाजवळ आला, असे शास्त्रज्ञ मानतात. लांडग्याची शिकार ठरावीक क्रमाने होते: सावज हेरणे, त्यावर नजर रोखणे, दबकत जवळ जाणे, पाठलाग करणे, पकडणे, मारणे. वळणाऱ्या कुत्र्यात या साखळीचे पहिले दुवे निवडीने अधिक पक्के झाले आणि शेवटचे दुवे दाबले गेले. कॉली मेंढीवर नजर रोखतो, दबकतो, वळसा घालून धावतो. पण तिला फाडत नाही. लांडग्याची अर्धी शिकार म्हणा ना! राखणाऱ्या कुत्र्यात मात्र ही साखळी जवळजवळ सगळीच मंदावलेली असते. शिवाय पिलू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना आपले मानते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली ते ग्रंथरूपाने मांडले. मेंढ्यांत वाढलेले पिलू मेंढ्यांनाच आपले गणगोत समजते, ते यामुळे.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी आपण आलो. नजर रोखणे, वळसा घालणे, धावणाऱ्याचा पाठलाग करणे या गोष्टी कॉलीला कोणी शिकवत नाही. शिकवायचे असते ते केव्हा थांबायचे. ही ओढ त्याच्या मेंदूतच घेऊन तो जन्मतो. मेंढ्या नसल्या म्हणून ती ओढ नाहीशी होत नाही. ती दुसरे काहीतरी शोधते.

वाईत तिला काय सापडेल? धावणारी लहान मुले सापडतील. त्यांना तो गोल घेरील, प्रसंगी टाचेला दात लावील. सायकली आणि मोटारसायकली सापडतील. पसरणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुटीच्या दिवशी पाचगणी-महाबळेश्वरच्या मोटारींची रीघ लागते. त्यातल्या एखाद्या गाडीला 'वळवायला' तो धावला, तर काय होईल ते सांगायला नको. आणि यातले काहीच मिळू नये म्हणून साखळीने बांधून ठेवला, तर तो स्वतःचेच शेपूट धरायला गोल फिरतो, भिंतीवरच्या सावल्यांमागे धावतो, तासन् तास भुंकतो. लोक म्हणतात, कुत्रा वेडा झाला. खरे म्हणजे तो बेकार झालेला असतो.

काही जण म्हणतात, खायला कमी घाला, म्हणजे मस्ती उतरेल. हा समज चुकीचा आहे, आणि गणिताने तो तपासता येतो. प्राण्याला नुसते स्वस्थ पडून राहायला लागणारी ऊर्जा त्याच्या वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात असते. सोळा किलोचा कॉली घ्या. १६ चे वर्गमूळ ४, त्याचे पुन्हा वर्गमूळ २, आणि २ चा घन ८. या आठला ७० ने गुणा: ५६० किलोकॅलरी. साधी हालचाल धरून दिवसाला सुमारे हजार. डोंगरात दिवसभर राबणाऱ्या कुत्र्याला याहूनही पुष्कळ अधिक लागते. अन्न कमी केले तर हाडे दिसू लागतील, पण धावण्याची ओढ जाणार नाही. कारण ती पोटातून येत नाही, मेंदूतून येते.

उन्हाळ्याचा मुद्दाही विसरू नका. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते, आणि आपल्यासारखा अंगभर घाम त्याला येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हेच त्याचे अंग थंड करण्याचे मुख्य साधन. बॉर्डर कॉलीच्या मूळ मुलखात भर उन्हाळ्यातही दुपार आपल्या हिवाळ्यातल्या दुपारीपेक्षा थंड असते. वाईला एप्रिल-मे महिन्यांत कृष्णेच्या घाटाच्या फरसबंदीवर दुपारी अनवाणी उभे राहून पहा, म्हणजे दाट केसांच्या कुत्र्याला तिथे धावायला लावणे किती क्रूर आहे ते पायांनाच कळेल. म्हणजे त्याला फिरवायचे ते पहाटे आणि सूर्य कलल्यावर. नेमकी तुमच्या झोपेची आणि खेळाची वेळ.

दोन तासांचा हिशेब

अशा कुत्र्याला रोज किती वेळ द्यावा लागतो? फिरणे, धावणे आणि डोके चालेल असे खेळ मिळून दिवसाला दोन तास धरा. तो जगतो बारा ते चौदा वर्षे. आपण तेरा धरू. दोन गुणिले ३६५ गुणिले १३ म्हणजे ९,४९० तास. हा आकडा केवढा? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला निदान १,००० तास शिकवावे लागते. म्हणजे एका कुत्र्याला दिलेला वेळ शाळेच्या जवळजवळ साडेनऊ वर्षांइतका झाला! आणि या शाळेला दिवाळीची सुटी नाही, पावसाची नाही, वार्षिक परीक्षेचीही नाही.

अमेरिकेतील 'चेसर' नावाच्या बॉर्डर कॉलीची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. तिला १,०२२ खेळण्यांची नावे येत होती आणि नाव घेताच ती नेमके तेच खेळणे आणून देई. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ही गोष्ट सांगणारे एक तपशील बहुधा गाळतात: तिला शिकवणारे जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते, आणि ते रोज चार-पाच तास तिच्यासाठी देत होते. चेसरची हुशारी खरीच. पण ती फुलली त्या तासांमुळे.

आता तुमचे वय पहा. तुम्ही आठवीत आहात. आज आणलेले पिलू तुम्ही दहावीला जाल तेव्हा दोन वर्षांचे, म्हणजे ऐन भरात असेल. पुढे तुम्ही शिक्षणासाठी साताऱ्याला, पुण्याला जाल. उरलेली दहा-अकरा वर्षे तो कोणाच्या हाती? बहुधा आईच्या, नाहीतर आजोबांच्या. म्हणून कुत्रा आणायचा निर्णय तुमच्या एकट्याचा नाही. ज्यांच्या हाती पट्टा येणार आहे, त्यांनी 'हो' म्हटले पाहिजे. आणि तेही तुमचा पडलेला चेहरा पाहून नव्हे, हा हिशेब पाहून.

'पण आमच्या शेजारी तर आहे!'

तुम्ही म्हणाल, अल्सेशियन किती तरी घरांत सुखाने राहतात. तोही मेंढपाळाचाच कुत्रा ना? बरोबर. जर्मनीतल्या मेंढपाळांच्या कुत्र्यांतून माक्स फॉन श्टेफानिट्स या लष्करी अधिकाऱ्याने १८९९ साली ही जात बांधायला सुरुवात केली. पुढे पोलीस आणि लष्कर यांनी त्याला नवे काम दिले. म्हणजे त्याचे मूळ काम गेले, पण दुसरे मिळाले. ज्या घरांत तो सुखाने राहतो, तिथे बारकाईने पहा. कोणीतरी त्याला पहाटे नियमाने बाहेर नेत असते, शिकवत असते. आणि ज्या घरी तो फाटकाशी बांधलेला दिसतो, तिथे त्याच्या गळ्याखालचे झिजलेले केसही पहा.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे. २०२२ साली अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले, की कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला सुमारे ९ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो. मग जातीची एवढी चर्चा कशाला? हा आक्षेप मी मोलाचा मानतो. एकेका कुत्र्याचा स्वभाव वेगळा असतो. आळशी कॉलीही असतो. पण त्याच पाहणीत, माणसाचे ऐकून काम करण्याचा गुण हा जातीशी इतर गुणांपेक्षा अधिक जोडलेला दिसला. आणि दोन महिन्यांचे पिलू पाहून ते पुढे आळशी निघेल की वादळ, हे सांगता येत नाही. जे सांगता येत नाही, त्यावर तेरा वर्षांची पैज लावणे शहाणपणाचे नाही. उलट या पाहणीतून मी एक वेगळा धडा घेतो: जातीपेक्षा समोरचा कुत्रा पाहावा. आणि ते शक्य होते मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत. कोणाला सांभाळणे जमत नाही म्हणून घर शोधत असलेला दोन-तीन वर्षांचा कुत्रा असेल, तर त्याचा स्वभाव आधीच दिसून येतो. पिलाच्या मोहापेक्षा अशा कुत्र्याला घर देणे मला केव्हाही अधिक चांगले वाटते.

मग धनगराच्या कुत्र्याचे पिलू आणावे का? तेही नको. तो रात्रभर जागणारा राखणदार आहे. फ्लॅटच्या गॅलरीत बांधलात तर साऱ्या इमारतीची राखण करील आणि कोणालाच झोपू देणार नाही! शिवाय पिलाचे कोवळे आठवडे मेंढ्यांबरोबर जायला हवेत, तरच तो पुढे धनगराच्या उपयोगी पडतो. त्याचे काम त्याला करू द्यावे.

कुत्र्याविना कुत्रा पाळून पहा

आता प्रयोग. खर्च काही नाही; एक दोरी, एक वही आणि तीस दिवस लागतात.

रोज पहाटे एक तास आणि संध्याकाळी एक तास हातात दोरी घेऊन तुम्ही घराबाहेर पडायचे. समजा, दोरीच्या टोकाला कुत्रा आहे. मेणवलीच्या वाटेने जा किंवा नदीकाठाने जा, पण तास पुरा करा. दुपारी ठरल्या वेळी एक भांडे पाण्याने भरायचे. रात्री वहीत लिहायचे: आज दोन्ही फेऱ्या झाल्या का? नसल्या तर कारण काय? तुमच्याऐवजी दुसरे कोणी गेले का? तीस दिवसांच्या साठ फेऱ्या होतील.

यात शास्त्राचे दोन नियम पाळा. पहिला: कसोटी आधी ठरवा. साठांपैकी किती फेऱ्या झाल्या तर 'हो' म्हणायचे, तो आकडा प्रयोगाच्या आदल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि घरातल्या मोठ्यांची सही घ्या. नाहीतर शेवटी पंचेचाळीस फेऱ्या झाल्या की आपण म्हणतो, 'पंचेचाळीस काय कमी आहेत?' माझा आकडा सत्तावन्न. दुसरा नियम: सोयीचा महिना निवडू नका. मेच्या सुटीत प्रयोग केलात तर तो फसवा होईल. जुलै निवडा. पाऊस धरलेला असेल, चिखल असेल, घटक चाचणी असेल. जे जुलैत टिकेल ते वर्षभर टिकेल.

दोरीला कुत्रा नसताना कंटाळा येणारच, असे तुम्ही म्हणाल. मान्य आहे. कुत्र्याच्या सोबतीने फिरण्यात गंमत असते. पण ती गंमत पहिल्या काही महिन्यांची. सातव्या वर्षीच्या पावसाळी पहाटे गंमत नसते, फक्त जबाबदारी असते. हा प्रयोग तुमच्या प्रेमाची परीक्षा घेत नाही. प्रेम तुमच्याजवळ आहेच. तो फक्त तुमच्या दिवसात दोन तासांची जागा आहे का, ते मोजतो.

उत्तर 'हो' आले तर

तर पुढची तयारी करा. घरी दिवसभर एखादे मोठे माणूस आहे का, मोकळे पण कुंपणाचे आवार आहे का, जनावरांचा दवाखाना जवळ आहे का, हे पहा. आठ आठवड्यांहून लहान पिलू विकणे २०१७ च्या नियमांप्रमाणे बेकायदा आहे. तसे कोणी देऊ लागला तर घेऊ नका. पिलाची आई पाहायला मागा, तीही काम करणारी आहे का ते विचारा. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचा आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती चुकवू नका. कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे घरातल्या लहानग्यालाही पाठ असावे. आणखी एक: कॉली आणि तिच्या नात्यातल्या काही जातींत एक जनुकीय दोष आढळतो, बॉर्डर कॉलीत तो क्वचितच, पण तो असला तर आयव्हरमेक्टिन हे गोचीड-खरजेवर सर्रास वापरले जाणारे औषध जास्त मात्रेत विषासारखे ठरते. म्हणून औषध पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

आणि उत्तर 'नाही' आले तर? वाईट वाटून घेऊ नका. वहीतले ते 'नाही' एका मुक्या प्राण्याला तेरा वर्षांच्या साखळीतून वाचवते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे आणि पाळलेले जनावर सोडून देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पण कायद्याच्याही आधी तुमची वही तुम्हाला सावध करते. फेऱ्या चाळीस-पन्नास झाल्या असतील, तर आळीतल्या साध्या गावठी कुत्र्याचा विचार करा. इथल्या उन्हात आणि पावसात पिढ्यान् पिढ्या टिकलेला तो प्राणी आहे. दोन तास नव्हे, पण फिरणे, लस आणि माया त्यालाही हवीच. फेऱ्या त्याहून कमी भरल्या असतील, तर शेजाऱ्यांचा कुत्रा आठवड्यातून दोनदा फिरवून आणा. शेजारी दुवा देतील आणि तुमची हौसही भागेल.

यंदा दिवाळीनंतर पुणे-सातारा रस्त्याने जाताना एखाद्या मोकळ्या रानात मेंढ्या बसलेल्या दिसल्या, तर क्षणभर थांबा. कडेला झोपलेला कुत्रा दिसेल. तो आळशी नाही. त्याची रात्रपाळी संपली आहे. त्याच्या वाट्याला गादी नाही, रंगीत पट्टा नाही, विकतचे खाद्यही नाही. पण त्याला काम आहे. आपल्या घरी येणाऱ्या कुत्र्याला आपण बाकी सगळे देऊ शकतो. काम देता येईल का, एवढाच प्रश्न आहे. तो आधी स्वतःला विचारा, आणि उत्तर वहीत लिहा.